दुसऱ्याच्या तोंडून

आमच्या कॉलेजात पुढारी घडवायचा वर्ग होता. हसू नका, खरंच होता. दर गुरुवारी तीन ते पाच, रसायनशास्त्राच्या जुन्या साठवणीच्या खोलीत, बारा खुर्च्या गोल मांडून. खुर्चीला लिहायला एका बाजूने फळी असते ना, ती मॅडमनी सुताराकडून काढून घेतली होती. माणूस लिहायला लागला की ऐकायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझ्या कॉलेजच्या चौथ्या वर्षी त्या खोलीत वर्षभर आम्ही जे काय बोललो त्याचा एक चिटोरासुद्धा कुठे सापडायचा नाही. हे मला पुढे चांगलंच भोवलं.

मॅडम म्हणजे आमच्या मार्गदर्शक. दोन वर्षं परदेशात शिकून आलेल्या, त्यामुळे दर तिसऱ्या वाक्यात ‘तिकडे’. तिकडे मुलं प्रश्न विचारतात, तिकडे प्राध्यापक मुलांबरोबर जमिनीवर बसतात, तिकडे कुणी कुणाला घाबरत नाही. आता मी नाक मुरडते, पण तेव्हा त्यांच्यावर जीव टाकायचे. आमच्या घरात मला ‘तुला काय वाटतं’ असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. एवढ्यावर मी विरघळले. माणूस किती स्वस्तात मिळतो बघा.

त्यांचा एक हुकमी खेळ होता, ‘दुसऱ्याच्या तोंडून’. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरायच्या. जोडीने बाहेर कुठेतरी जाऊन बसायचं. एकाने सात मिनिटं आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची, दुसऱ्याने मधे एक शब्द न बोलता ऐकायची. मग उलट. आणि परत आत आल्यावर प्रत्येकाने जोडीदाराची गोष्ट सगळ्यांना सांगायची, पण ‘मी’ म्हणून. ‘तिच्या आईने’ नाही, ‘माझ्या आईने’. जोड्या कोणाच्या होत्या हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याची गोष्ट आहे त्याने गप्प बसायचं, सांगणारा चुकला तरी दुरुस्ती करायची नाही. आणि खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं. दुसऱ्याचं दुःख आपल्या तोंडून बोललं की माणसात नेतृत्व येतं म्हणे. काय काय येतं ते मी पुढे बघितलं.

माझी चिठ्ठी निघाली अध्यक्षाबरोबर. अध्यक्ष हे त्याचं टोपणनाव. कशाचाही अध्यक्ष नसला तरी तो कुठेही उभा राहिला की आजूबाजूला सभा असल्यासारखं वाटायचं. उंच, गोरागोमटा, आवाज असा की हजेरीला ‘हजर’ म्हणाला तरी ऐकत राहावं. घरचा खाऊनपिऊन सुखी. वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते. मला छत्री धरून बसपर्यंत सोडायला आलेला होता एकदा. वाईट असता तर मी त्याला सांगितलंच नसतं.

आम्ही मागच्या जिन्यात बसलो. आधी तो बोलला. लहानपणी त्याचा कुत्रा हरवला होता, मग सापडला. सात मिनिटं त्याने कुत्रा पुरवला. मग माझी पाळी आली, आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, मी ते सांगून बसले जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

माझी आई इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या एका धुलाईघरात कामाला होती. धुतलेल्या ओलसर चादरी दोन टोकं धरून मोठ्या तापलेल्या रुळात सारायच्या, पलीकडून इस्त्री होऊन बाहेर येतात. रुळाच्या तोंडाशी लोखंडी जाळी. हात फार जवळ गेला की जाळीला धक्का लागतो आणि रूळ थांबतो. पण चादरीला सुरकुती पडली तरी तो थांबायचा, आणि परत चालू व्हायला दोन मिनिटं खायचा. दिवसाच्या चादरी तर ठरलेल्या. म्हणून बायका चिंधीने जाळी वर बांधून टाकायच्या. मालकाला ठाऊक होतं, तो तिकडे बघायचाच नाही. आई मात्र कधी बांधायची नाही. रूळ पुसताना जाळी वर करावीच लागते, तेवढी बांधायची आणि पुसून झालं की सोडायची. ह्या बाबतीत ती फार कडक होती, बाकीच्या बायका तिला हेडमास्तरीण म्हणायच्या.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत मीही तिथे जात होते. त्या दिवशी मला मैत्रिणीकडे जायचं होतं. आईने रूळ पुसला, जाळी सोडली. मी समोर उभी होते, मी बघितलं. मग ती चादरींची दुसरी गाडी आणायला गेली आणि मला म्हणाली, एवढ्या घाल तोवर. एवढ्या म्हणजे ढीग होता. मी जाळी बांधली आणि भराभर सारत सुटले. आई आली, म्हणाली, जा आता, मी बघते. मी हात पुसले आणि पळाले. चिंधी तशीच राहिली. मी मैत्रिणीकडे पोचायच्या आत आईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

शुद्धीवर आल्यावर आईच म्हणाली, पुसून झाल्यावर जाळी सोडायची माझ्याकडूनच राहिली. मी पलंगाशी उभी होते. मला बोलायला तोंड होतं, पण ते उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग दिवस गेले तसं ते बोलणंच अवघड होत गेलं.

मालक म्हणत होता, बाईचा निष्काळजीपणा, आम्ही काय करणार. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी तिथल्या अकरा बायकांना जेवणाच्या सुट्टीत गोळा केलं, आईलाही पट्टी बांधलेल्या हाताने आणून बसवलं, आणि एकेकीला विचारलं की जाळी कोणकोणत्या दिवशी बांधली होती, का बांधली होती. आधी कुणी तोंड उघडेना. मग एक बोलली, मग सगळ्याच बोलल्या. मी वहीत तारखांसकट लिहून घेतलं. आईने सांगितलं, माझ्याकडून सोडायची राहिली. तेही मी लिहून घेतलं, माझ्या अक्षरात. माझी पाळी आलीच नाही, कारण मी लिहीत होते. ती वही मालकापुढे ठेवल्यावर त्याची बोलती बंद झाली. चादरींचा आकडा कमी केला, बांधताच येणार नाहीत अशा जाळ्या बसवल्या, आणि वही स्वतःकडे ठेवून घेतली. सगळ्या बायकांनी मला डोक्यावर घेतलं. सगळ्यात जास्त आईने.

एवढं सगळं मी अध्यक्षाला जिन्यात सांगितलं. तो एक शब्द बोलला नाही. डोळे मात्र भरून आले होते त्याचे, आणि मला वाटलं, चला, योग्य माणसाला सांगितलं.

मग आत येऊन त्याने ती गोष्ट ‘मी’ म्हणून सांगितली. काय सांगितली! मी रडतरडत, मागचं पुढे करून बोलले होते. त्याने ती उलगडून, घडी घालून ठेवली. चिंधीपाशी आला आणि थांबला, स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. पोरंपोरी मुसमुसत होत्या. एका जणीने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या अपराधाबद्दल त्याचं सांत्वन चाललं होतं आणि मी समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते, कारण नियम म्हणजे नियम.

नंतर मी बाथरूममध्ये रडत असताना मॅडम आल्या. त्यांना मी सांगितलं की ती गोष्ट माझी होती, अगदी चिंधीसुद्धा. त्यांनी मला जवळ घेतलं, पाणी दिलं, म्हणाल्या, बोललीस म्हणजे सुटलीस. मलाही तसंच वाटलं. घरी गेले तर आई गॅस बंद आहे ना, ते तिसऱ्यांदा बघून येत होती. अपघातापासून तिचं हे सुरू झालं होतं. कुलूप लावून परत फिरायची, शेजारणीचं बाळ कडेवर घ्यायला सांगितलं तर नको म्हणायची. माझं काही खरं नाही बाई, मी धांदरट आहे, असं हसत हसत सांगायची लोकांना. मी ते रोज ऐकत होते आणि गुरुवारी मॅडमच्या त्या मोकळं बोलायच्या वर्गाला जात होते.

वर्षाच्या शेवटी एक जागा जाहीर झाली. परदेशातल्या एका विद्यापीठात सहा महिने, खर्च सगळा त्यांचा, आमच्या कॉलेजातून एकच जण. अर्जात स्वतःच्या नेतृत्वाचा एक खरा प्रसंग लिहायचा आणि मग मुलाखतीत त्यावर बोलायचं. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे किती, ते सांगता येणार नाही. आमच्या घरातून कुणी शहराच्या वेशीपलीकडे शिकायला गेलेलं नव्हतं. आईने तर आधीच डाव्या हाताने माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता, टाके चुकायचे, उसवायची, परत विणायची. आणि खरं सांगायचं तर मला त्या घरापासून लांबही जायचं होतं. सहा महिने तरी तो हात समोर नको होता.

मॅडमनी सगळ्यांचे अर्ज तपासून दिले. मी धुलाईघराचा प्रसंग लिहिला, अकरा बायका, वही, मालक, सगळं. मी बांधलेली चिंधी तेवढी गाळली. ते मी कागदावर कसं लिहिणार होते? मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण ह्यात तू कुठे दिसत नाहीस. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.

मुलाखतीच्या दिवशी अध्यक्ष माझ्या आधी आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा लालबुंद होता. माझ्याकडे न बघता निघून गेला. मी आत गेले. तिघं जण होते, मधे त्या विद्यापीठाकडून आलेल्या पाहुण्या बाई. मी बोलायला सुरुवात केली, आणि अकरा बायकांनी एकेक करून सांगितलं, इथवर आले तर पाहुण्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, हे आम्ही अर्ध्या तासापूर्वी ऐकलं.

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. त्याने धुलाईघराचा आपल्या काकांचा बाइंडिंगचा कारखाना केला होता. रुळाचं कागद कापायचं मशीन झालं होतं, आईची कामगार बाई झाली होती, आणि तो झाला होता मालकाचा सुट्टीत मदतीला आलेला पुतण्या. बाकी जाळी, चिंधी, अकरा माणसं, वही, सगळं जसंच्या तसं. फक्त शेवट त्याने बदलला होता. त्याच्या प्रसंगात तो सगळ्यांत आधी उठून उभा राहतो आणि म्हणतो, चिंधी मी बांधली होती. ते ऐकून बाकीचे बोलायला लागतात. पाहुण्या बाई मला समजावून सांगत होत्या की त्या मुलाने स्वतःची चूक कबूल केली, हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे, आणि तुझ्या सांगण्यात नेमका तोच नाही. दोन सारखे कागद समोर असले आणि एकात प्राण असला, एकात नसला, तर नक्कल कोणती, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी अध्यक्षाला गाठलं कॅन्टीनच्या मागे. वाटलं होतं, गयावया करेल, निदान खाली मान घालेल. तो शांतपणे म्हणाला, मी ती गोष्ट वर्षभर डोक्यात घेऊन फिरतोय. पाहुणे यायचे तेव्हा मॅडम मलाच ती सांगायला लावायच्या. मला आता रात्री स्वप्नातसुद्धा ते मशीन दिसतं. मी म्हटलं, ते माझं आहे. त्यावर तो जे म्हणाला ते मी अजून विसरलेले नाही.

“तुझं असतं तर तू पुरतं सांगितलं असतंस. तू तर निम्मं गाळलंस. माझ्या गोष्टीत मी त्या बाईला खरं सांगितलं, तू तुझ्या आईला अजून सांगितलं आहेस का?”

मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मॅडमकडे गेले. त्यांना सगळं ठाऊक होतं, दोन्ही अर्ज त्यांच्याच हातून गेले होते. मी म्हटलं, तुम्ही फक्त एवढंच सांगा की गोष्ट माझी आहे. त्यांनी खिडकी बंद केली, समोर बसल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. मी तेव्हाच ओळखलं की आता तोंडाला पानं पुसणार. म्हणाल्या, वर्गातलं मी बाहेर बोलले तर उद्या एकही मूल मोकळेपणाने बोलणार नाही, एका जागेसाठी सगळा वर्ग मोडायचा का. म्हणाल्या, गोष्ट कुणाची ह्यापेक्षा ती ऐकून कोण बदललं, हे महत्त्वाचं. म्हणाल्या, खरा पुढारी अशा वेळी मागे सरकतो. मी विचारलं, मग त्याला सांगा की मागे सरकायला. त्या गप्प बसल्या. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्या वर्गातून मूल परदेशी जाईल तो वर्ग पुढच्या वर्षी चालू राहणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि पाहुण्या बाईंना कोण आवडला होता तेही.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. प्राचार्य सरळ माणूस, त्यांना हे संवाद वगैरे काही कळायचं नाही. म्हणाले, त्याच्या काकांचं पत्र आलेलं आहे की कारखान्यात असा अपघात झाला होता. तुझ्याकडे काय आहे? धुलाईघर तर एव्हाना दुसऱ्या गावी गेलं होतं, मालकासकट आणि वहीसकट. मी म्हटलं, माझी आई आहे. ते म्हणाले, घेऊन ये सोमवारी.

आईला मी फक्त मुलाखतीत काय झालं तेवढंच सांगितलं. एका मुलाने आपला प्रसंग चोरला, तू येऊन फक्त सांग की हे आपल्याकडे घडलं. आई असली चिडली! तिला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या पोरीने केलं ते दुसऱ्याने मी केलं म्हणून सांगावं? एरवी ती बाहेर जाताना उजवा हात पिशवीखाली झाकून ठेवायची. सोमवारी पिशवी घरीच ठेवून निघाली. म्हणाली, बघू दे त्यांना. बसमध्ये तिने खिडकीकडची जागा मला दिली आणि सारखी माझ्या केसांवरून हात फिरवत होती.

प्राचार्यांच्या खोलीत मॅडम होत्या, अध्यक्ष होता. आईने सगळ्यांना नमस्कार केला, आणि तो हात टेबलावर ठेवला. अध्यक्षाने बघितला आणि पांढरा पडला. वर्षभर तो ज्याबद्दल बोलत होता ते त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं. मला वाटलं, जिंकलो. आता कुणी काही वाचायला नको, बोलायला नको.

पण प्राचार्य सरळ माणूस. म्हणाले, बाई, दोन्ही बाजू तुमच्यासमोर आल्या पाहिजेत. ह्या मुलाने लिहिलंय ते वाचतो, मग तुम्ही सांगा हे तुमच्याकडचं आहे की नाही. मी म्हटलं, सर, वाचायची काय गरज आहे. ते म्हणाले, गरज नाही कशी. चष्मा लावला आणि वाचायला लागले.

त्यांचा आवाज एकसुरी, नोटीस वाचल्यासारखा. मशीन पुसण्यासाठी बाईंनी जाळी वर बांधली व पुसून झाल्यावर सोडली, हे मी स्वतः पाहिले होते. त्या दुसरी गाडी आणण्यासाठी गेल्या असता मी लवकर घरी जाता यावे म्हणून जाळी पुन्हा बांधली. आई ऐकत होती. आधी ती मान हलवत होती, हो हो, असंच, असं. मग मान हलायची थांबली. प्राचार्य वाचत राहिले. त्या बाई सर्वांना सांगत होत्या की चूक त्यांचीच आहे. मी उभा राहिलो व म्हणालो की चूक तुमची नाही, तुम्ही काहीही विसरला नव्हता. हे ऐकताच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी आईकडे बघू शकले नाही. टेबलावरच्या हाताकडे बघत बसले. तो हात हळूच टेबलावरून खाली गेला.

प्राचार्यांनी चष्मा काढला. विचारलं, तर बाई, हे तुमच्याकडे घडलेलं आहे का?

 मॅडम नखांकडे बघत होत्या. आईने अध्यक्षाकडे बघितलं, मग माझ्याकडे.  माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हो, मीच बांधली, हे माझं आहे. एवढं बोलले असते तर जागा मिळाली असती का, माहीत नाही, पण तेवढंच बोलायचं होतं. चार वर्षांत माझी पाळी पहिल्यांदा आली होती. मी बोलले नाही.

“नाही, साहेब,” आई म्हणाली. “आमच्याकडे असं कुणी उभं राहून सांगितलं नाही.”

प्राचार्य म्हणाले, म्हणजे हा प्रसंग तुमचा नाही?

“आमचा वेगळा. आमच्यात जाळी माझ्याकडूनच सोडायची राहिली होती. पोरीने लिहून घेतलंय तसं.”

झालं. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. अध्यक्षाला जागा मिळाली आणि मला, पुन्हा असं करू नये, अशी लेखी समज. मॅडम मागून पळत आल्या, जिन्यात मला मिठी मारायला. आई मधे उभी राहिली. तशा मॅडम परत वर गेल्या.

बसस्टॉपवर ऊन होतं. आई सावली सोडून उन्हातच उभी. मी म्हटलं, आई, मी सांगणार होते. कधीतरी सांगणारच होते. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, पुसून झाल्यावर मी जाळी सोडली होती?

मी म्हटलं, हो.

तू बघितलं होतंस?

हो.

नक्की?

मी म्हटलं, नक्की, आई. तू सोडली होतीस.

 ओरडेल, रडेल, मारेल, असं मला वाटत होतं, ते सगळं मी पोटभर घेतलं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. सुटल्यासारखा झाला होता तो चेहरा, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे मी विसरले नव्हते, असं ती स्वतःशीच दोनदा म्हणाली. माझ्याशी नाही. जे मी कधीही, कुठल्याही सकाळी, भाजी निवडता निवडता तिला देऊ शकले असते, ते तिला एका परक्या पोराच्या कागदातून मिळालं होतं.

मी विचारलं, मग आत खरं का नाही सांगितलंस? मला जागा तरी मिळाली असती.

“कागदावर तुझ्या नावापुढे ते लागायला नको होतं,” ती म्हणाली. “त्याला हवंय, त्याच्या नावापुढे राहू दे.”

 मी तिचा हात धरायला गेले, तो उजवाच हात. तिने तो काढून घेतला, जोरात नाही, परक्याचा धक्का लागल्यावर आपण बाजूला होतो तसा. बस समोरच्या वळणावर दिसायला लागली होती. आईने पैसे डाव्या हातात मोजून ठेवले, एकाच तिकिटाचे, आणि रस्त्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली,

“गेली असतीस तर बरं झालं असतं खरं. सहा महिने तरी तुझं तोंड बघावं लागलं नसतं.”